एका शब्दानं गेलेली जमीन
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



चंदगड तालुक्यातल्या कितीतरी घरांतून माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. माझे वडीलही त्यातलेच. १९८२ च्या संपानंतर ते रिकाम्या हातानं गावी परतले.

१९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. शेड उभी असलेली जागा त्यात धरायचीच नाही! मग वाटायला उरलं काय? प्रकरण कोर्टात गेलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्ती कायम ठेवली. टॉवर उभे राहिले. घरासाठी भरलेल्या अर्जाची पावती अजून आमच्या ट्रंकेत आहे, वडील नाहीत.

आज हे का सांगतोय? आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. उद्या एखादा बिल्डर गोड बोलत दारात येईल. येऊ दे. पण करारातला शब्दन् शब्द सर्वसाधारण सभेत मोठ्यानं वाचा, न कळलेलं विचारा, मगच सही करा. एवढंच मागणं.