गाणारी पेटी

दाभोळच्या खाडीच्या तोंडावरचं अंजनवेल म्हटलं की लोकांना गोपाळगड आठवतो, टाळकेश्वर आणि दीपगृह आठवतं. मी बोलणार आहे ते तिथल्या, आणि साऱ्या कोकणातल्याच, भजनात वाजणाऱ्या पेटीबद्दल. पावसाळ्यात तिच्या पट्ट्या फुगून अडकतात, खाऱ्या हवेनं सूर गंजतात. तरी बुवांना भजनाला पेटी हवीच.

हे वाद्य युरोपातून आलं आणि कोलकात्यात त्याची हातपेटी झाली. तिचं उणेपण मोठं आहे. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिच्यात नाही, म्हणून मींड काढता येत नाही. गळा जिथं घसरत जातो, तिथं पेटीला उडी मारावी लागते.

ही उडी कानाला जाणवू न देण्याची विद्या ज्यांनी कमावली, त्यांत गोविंदराव टेंबे यांचं नाव मी पहिलं घेईन. 1881 साली जन्मलेले हे कोल्हापूरचे कलावंत स्वतः गायक होते, आणि सगळं मर्म तिथंच आहे. गवई भास्करबुवा बखल्यांची साथ करताना त्यांची पेटी ख्यालाच्या मागे गात जायची. भात्यावरचा हात हा जणू गवयाचा श्वास होता. 1911 साली खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाला त्यांनी चाली दिल्या. बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभी करणारेही तेच. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात तर संगीत त्यांचं आणि हरिश्चंद्रही तेच!

आणि याच वाद्याला 1940 साली आकाशवाणीनं दार बंद केलं. पेटी रागाचे सूक्ष्म स्वर मारते, असा आक्षेप होता. आक्षेप खरा होता; शिक्षा मात्र अन्यायाची होती, असं मी रेडिओवरूनच स्पष्ट सांगतो. वाईट वाजवणाऱ्यांचा दोष वाद्याच्या माथी मारला गेला. गोविंदराव 1955 साली गेले. बंदी सैल झाली ती 1971 मध्ये.

अंजनवेलच्या, गुहागरच्या पेटी शिकणाऱ्या मुलांनो, गोविंदरावांचं ‘माझा संगीत व्यासंग’ मिळवून वाचा. आणि बोटं पट्टीवर ठेवण्याआधी जे वाजवायचं ते पद गळ्यातून म्हणायला शिका.