प्रमाणपत्रांच्या कार्यशाळा आणि संशोधनाचे हत्यार

(मानव्यविद्यांतील संशोधक विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यापीठांच्या सूचनाफलकांवर गेली काही वर्षे एका शब्दाची गर्दी उसळली आहे. तो शब्द म्हणजे ‘कौशल्य’. संशोधन-कौशल्य, लेखन-कौशल्य, सादरीकरण-कौशल्य, संवाद-कौशल्य! इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान अशा विषयांत पीएच.डी. करणारा विद्यार्थी दोन दिवस सभागृहात बसतो, पडद्यावर सरकणारे तक्ते उतरवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन परततो. प्रमाणपत्र फायलीत जाते. ज्या अडचणी घेऊन तो आला होता, त्या मात्र जशाच्या तशा त्याच्याबरोबर परत जातात.

कष्टकऱ्यांच्या पक्षाने या प्रश्नात का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, कौशल्य हा मुळात कष्टकऱ्यांचाच शब्द आहे. सुताराचा रंधा, विणकराचा माग, गिरणीतला साचा यांवर चालणारा हात एका रात्रीत तयार होत नाही. नवा गडी जाणत्या कामगाराच्या शेजारी उभा राहून, धागे तोडून आणि पुन्हा जोडून काम शिकत असे. शिकण्यासाठी तीन गोष्टी लागत: वेळ, जाणता माणूस आणि शिकताना पोटाला भाकरी. संशोधनही हस्तोद्योगासारखेच श्रमाचे काम आहे. त्यालाही याच तीन गोष्टी लागतात. आजच्या कार्यशाळांतून नेमक्या याच तीन गोष्टी वजा झाल्या आहेत.

दरवाजा ओलांडण्याचे शिक्षण

या कार्यशाळांत काय शिकवले जाते ते पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस पीएच.डी.च्या सर्व विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. हेतू चांगला होता. वाङ्मयचौर्य ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती थांबलीच पाहिजे. परंतु त्याच अभ्यासक्रमात नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आणि संशोधकाचा ‘एच-इंडेक्स’ यांनाही मानाचे स्थान आहे. तंजावरच्या मराठी कागदपत्रांवर किंवा वारकरी फडांच्या परंपरेवर लिहिणाऱ्या मुलीला या मोजपट्ट्यांचा उपयोग काय? ज्या भाषेत ती लिहिते, त्या भाषेतील नियतकालिके या मोजणीत जवळजवळ नसतातच.

२०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त ठरवले. ताबडतोब साम्याचा आकडा खाली आणण्याचे तंत्र हे एक ‘कौशल्य’ होऊन बसले. २०१६ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून येण्याची सक्ती केली. त्याबरोबर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार तेजीत आला आणि गरीब विद्यार्थ्याने उसनवारी करून तेथे पैसे भरले. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती उठवली. उसने घेतलेले पैसे मात्र कोणी परत केले नाहीत. हे सारे शिक्षण दरवाजा कसा ओलांडावा याचे आहे. घरात शिरल्यावर काय करावे, याविषयी ते मुके आहे.

मोडी वाचणारे कोठे गेले?

मानव्यविद्यांची खरी कौशल्ये कोणती, याचे उत्तर खुद्द सरकारनेच नकळत देऊन ठेवले आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाला. जुनी दप्तरे सोडली गेली तेव्हा कित्येक कागद मोडीत निघाले, मराठवाड्यात उर्दूतही निघाले. मग मोडी वाचणारा माणूस शोधण्यासाठी प्रशासनाची धावपळ उडाली. लाखो कुटुंबांच्या हक्कांचा प्रश्न ज्या लिपीत बंद होता, ती लिपी वाचणारे हात राज्यात मोजके उरले होते. शाळांतून मोडी गेली, इतिहासाच्या विभागांत ती ऐच्छिक झाली आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल वाचकाची वाट पाहत राहिले.

मोडी दोन दिवसांच्या कार्यशाळेत येत नाही. अक्षरे दोन आठवड्यांत ओळखता येतील. पण घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचे वळण, त्याचे संक्षेप, त्याची फारसी मिसळलेली भाषा वाचायला जाणत्या माणसाच्या शेजारी महिनोन्‌महिने बसावे लागते. हे कौशल्य पूर्वी काही घराण्यांच्या आणि काही जातींच्या हाती होते. वतनाचे कागद ज्यांनी लिहिले, त्यांनीच ते वाचले आणि त्यांनीच इतिहास सांगितला. आज गावकुसाबाहेरची मुलगी ते कागद स्वतः वाचू लागली, तर इतिहासाचा अर्थच पालटेल. म्हणूनच हे कौशल्य तिला मिळते की नाही, हा निव्वळ अभ्यासक्रमाचा प्रश्न राहत नाही.

दुसरे कौशल्य ऐकण्याचे. ज्यांनी लिहून ठेवले नाही, त्यांचा इतिहास त्यांच्या तोंडूनच घ्यावा लागतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्याशी बोलणे केले आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा भोंगा थांबला आणि सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. त्या गिरणगावाची कहाणी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या साक्षींतून उभी केली. ते इंग्रजी पुस्तक २००४ मध्ये आले. समोरच्या म्हातारीला बोलते कसे करावे, ती थांबली तर आपण किती वेळ गप्प राहावे, तिच्या शब्दांची दुरुस्ती का करू नये, हे शिकायला तक्ते उपयोगी पडत नाहीत. आणि येथे काळ थांबलेला नाही. संपात जो कामगार विशीत होता, त्याने आज साठी ओलांडली आहे. दरवर्षी काही साक्षी कायमच्या मिटतात.

भाकरीचा प्रश्न

आता तिसरी गोष्ट. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली. पण ती परीक्षेच्या चाळणीतून उतरलेल्या थोड्यांना. केंद्रीय विद्यापीठांतील बिगर-नेट संशोधकाला ८,००० रुपये मिळत. २०१५ मध्ये तेही बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा विद्यार्थ्यांनी दिल्लीत आयोगाच्या दारात ठिय्या दिला. राज्य विद्यापीठांतील कित्येकांच्या नशिबी तेवढेही नाही. २०२३ मध्ये ‘बार्टी’च्या शिष्यवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांनी मुंबईच्या आझाद मैदानावर मुक्काम ठोकला. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी केला.

एकीकडे शिष्यवृत्ती अडवायची आणि दुसरीकडे ‘वेळेचे व्यवस्थापन’ या विषयावर कार्यशाळा घ्यायची, ही क्रूर थट्टा आहे. जो सकाळी तासिका तत्त्वावर शिकवतो, दुपारी खाजगी शिकवणी घेतो आणि रात्री प्रबंध लिहितो, त्याला वेळेचे व्यवस्थापन कोणी शिकवावे? तेच खरे तर त्याने शिकवावे! व्यवस्थेचा दोष व्यक्तीची उणीव म्हणून तिच्याच माथी मारायचा, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी तिला पुन्हा वर्गात बसवायचे, ही भांडवली व्यवस्थेची जुनी रीत आहे. बेकाराला नोकरी नसते ती त्याच्यात कौशल्य नाही म्हणून, असे सांगणारे हेच लोक.

तरीही त्या सवालाला टाळून चालणार नाही. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या कष्टांतून जमलेला पैसा उच्च शिक्षणावर का खर्चावा, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर अधिक प्रामाणिकपणे मांडला होता. रयतेचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्ची पडतो आणि रयतेची मुले अडाणी राहतात, ही त्यांची तक्रार होती. आज त्याच रयतेची मुले संशोधनाच्या पायरीवर आली आहेत, आणि नेमके आताच, याचा उपयोग काय, असे विचारले जात आहे! उपयोग हाच की, ज्यांच्याविषयी आजवर इतरांनी लिहिले, ते आता स्वतः लिहितील. पण त्याबरोबर या संशोधकांवरही ऋण येते. ज्या वस्तीतून साक्षी घेतल्या, त्या वस्तीला समजेल अशा मराठीत आपले निष्कर्ष परत सांगणे, हे त्या ऋणाचे पहिले व्याज आहे.

कार्यशाळा कशी असावी?

कार्यशाळेला विरोध करण्याचे कारण नाही. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला संदर्भ कसे द्यावेत, संगणक कसा हाताळावा, हे सांगितलेच पाहिजे. ते येत नाही म्हणून त्याला हिणवले जाते, हेही खरे आहे. प्रश्न कार्यशाळा कोणाच्या ताब्यात असावी, हा आहे. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात कामगार संघटनांतून आलेली प्रौढ मंडळी शिकत. तेथे राफेल सॅम्युएल यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इतिहास कार्यशाळा’ सुरू केली. कामगार-विद्यार्थ्याने प्रथमपासूनच मूळ साधनांना हात घालावा आणि स्वतःच्या धंद्याचा इतिहास स्वतः लिहावा, हे तिचे सूत्र होते. रेल्वेत काम केलेल्या एका विद्यार्थ्याने रेल्वे कामगारांच्या बोलीतील शब्दांचा संग्रह केला, तो या कार्यशाळेने छापला. कार्यशाळा या शब्दाचा खरा अर्थ हा आहे. तेथे माल तयार झाला पाहिजे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. नोंदणी झालेल्या प्रत्येक संशोधकाला निर्वाहापुरती शिष्यवृत्ती दरमहा वेळेवर मिळावी. मोडी, फारसी, उर्दू, आदिवासी बोली आणि मौखिक इतिहास यांचे किमान सहा महिन्यांचे विनामूल्य वर्ग विद्यापीठांत आणि अभिलेखागारांत चालावेत, व ते शिकवणाऱ्यांची नेमणूक कायम स्वरूपाची असावी. कार्यशाळेचे विषय ठरवणाऱ्या समितीत संशोधक विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावेत.

आणि एक मागणी चळवळीने स्वतःकडेच करावयाची आहे. युनियनच्या कचेऱ्यांत, पक्षाच्या जुन्या कार्यालयांत इतिवृत्ते, हँडबिले, संपाची पत्रके आणि वर्गणीची पावतीपुस्तके वाळवीच्या तोंडी जात आहेत. काही रद्दीत गेलीही. सरकारला दोष देण्यापूर्वी ही कपाटे उघडली पाहिजेत. एखाद्या संशोधक मुलीने दार ठोठावले, तर ‘किल्ली कोणाकडे आहे ते पाहतो, पुढच्या महिन्यात या’ असे उत्तर तिला मिळू नये. तिला टेबल द्यावे, दिवा द्यावा आणि त्या लढ्यात असलेला एखादा जुना कार्यकर्ता तिच्या शेजारी बसवावा. प्रमाणपत्र देण्याची गरज नाही. तेथे ती जे शिकेल, ते तिच्या लिखाणात दिसेल.