काट्यावर ठरलेला भाव
(दहावी १९९६ बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेच्या व्यायामशाळेसाठी आपण जुनं साहित्य घेतलं, त्याचा भाव कसा ठरला हे सांगायला मला दहा मिनिटं दिली आहेत. ग्रुपवर यावरून एवढे मेसेज झाले की शेवटी मीच म्हटलं, मेळाव्यात समोरासमोर हिशेब देते. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर. आमच्या ऑफिसात सगळ्यांत जड वस्तू म्हणजे लॅपटॉपची बॅग. पण खरेदी पुण्यात करायची होती आणि मी पुण्यात राहते, एवढ्या पात्रतेवर हे काम माझ्याकडे आलं.

आपण ६२ जणांनी मिळून एक लाख रुपये जमवले. कोणी पाचशे दिले, कोणी पाच हजार. नव्या साहित्याचं कोटेशन पावणेदोन लाखांच्या घरात होतं, म्हणून जुन्याचा शोध सुरू झाला. शेवटी दोन ठिकाणं उरली. एक चिंचवडला, दुसरं पिंपळे सौदागरला. सौदा करायला याहून चांगल्या नावाचं गाव कुठे मिळणार!

तिथे एका तरुणाची जिम बंद होत होती. २०१९ मध्ये कर्ज काढून सुरू केलेली. २०२० च्या मार्चमध्ये टाळं लागलं, ते आपल्या राज्यात थेट २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडलं. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. त्यातूनही त्याने चार वर्षं ओढली, पण गाळ्याचं भाडं वाढलं आणि हिशेब जमेना. सगळ्या सामानाचे त्याने एक लाख साठ हजार सांगितले. ट्रेडमिल सोडून एक लाख दहा.

दोन्ही ट्रेडमिल मी पहिल्या दिवशीच यादीतून काढल्या. मोटर, पट्टा, वीज, दुरुस्तीचा माणूस, हे सगळं शाळेच्या माथी कशाला? पळायला आपलं मैदान आहे. लोखंडाला मात्र सर्व्हिसिंग लागत नाही.

मग रविवारी काटा घेऊन गेले. विमानाने जाताना बॅग तोलायचा हातातला काटा असतो ना, तोच. प्रत्येक प्लेट त्याला टांगून वजन केलं. २० किलो छापलेल्या दोन प्लेटा १९ च्या जरा वर भरल्या, त्या बाजूला ठेवल्या. ग्रुपवर कोणी तरी म्हणालं, एका किलोने काय होतंय? आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक आणलं. सुवर्ण मिळवणाऱ्याने उचलले होते २४९. एका किलोने काय होतं ते सांगलीकरांना तरी सांगायला नको.

रॉड जमिनीवर लोळवून पाहिले. वाकडा असेल तर तो लोळताना उड्या मारतो. रॉडची टोकं हाताने फिरवली. प्लेटांची भोकं मोजली, कारण ५० मिलिमीटरच्या भोकाची प्लेट बारीक रॉडवर डुगडुगते आणि मुलांच्या पायावर येते. रॅकच्या वेल्डिंगवर टॉर्च मारून चिरा शोधल्या.

घरी येऊन यादी केली. चांगल्या प्लेटा ३२० किलो, डंबेल्स १४० किलो, एकूण ४६०. नव्याचा भाव तीन दुकानांत विचारला होता, किलोला १४० ते १८० रुपये. भंगारात ३०-३५. या दोन टोकांच्या मध्ये, माल चांगला म्हणून ९० धरला. झाले ४१,४००. दोन रॉड ९,०००, स्क्वॉट रॅक १२,०००, दोन बेंच ९,०००. बेरीज ७१,४००.

बुधवारी ही यादीच मी त्याच्यापुढे ठेवली. कमी आकडा सांगून सुरुवात केली नाही. तो म्हणाला, "ताई, आजवर आले ते सगळे 'शेवटचं बोला' एवढंच म्हणाले. वजन करून कोणी आलं नाही." मग त्याने यादीतल्या दोन ओळींवर हरकत घेतली. मोठ्या रॉडचे बेअरिंग नवे होते आणि रॅकला जास्तीच्या सुरक्षापट्ट्या होत्या. बिलं दाखवली. मी २,६०० वाढवले. ७४,००० झाले.

आता खरा मुद्दा. बोलता बोलता त्यानेच सांगितलं की एक डीलर ट्रेडमिलसकट सगळ्याचे साठ हजार रोख द्यायला तयार आहे आणि महिनाअखेरीला गाळा रिकामा करायचाय. मी हे ग्रुपवर टाकल्यावर आपल्यातल्याच एकाचा मेसेज आला : "अडलाय तो. ६१ म्हण, झक मारत देईल." अगदी खरं होतं. दिलंही असतं.

मी तसं केलं नाही, आणि पैसे तुमचे होते, म्हणून त्याचं कारण सांगणं माझं कर्तव्य आहे. स्वतःच्या खिशातून उदार होता येतं, ६२ जणांच्या खिशातून होता येत नाही. पण ७४ हजार हा दयेचा आकडा नव्हता. तो वजनातून, दुकानांच्या भावातून आणि बिलांतून आला होता. मूळ यादी तर त्याची अडचण कळायच्या आधीची. त्याचं भाडं थकल्याने लोखंडाचं वजन कमी होत नाही. आणि तो ८५ वर अडून बसला असता तर मी नमस्कार करून चिंचवडला गेले असते. भाव विचारून पुढच्या पाटीकडे चालू लागायचं, हे आपल्या आयांनी बाजारात शिकवलंच आहे. फक्त पुढची पाटी खरोखर असावी लागते.

घासाघीस मी केलीच, पण पैशाऐवजी दुसऱ्या गोष्टींवर. ज्या त्याला स्वस्त आणि आपल्याला महाग, अशा गोष्टी मागितल्या. जमिनीवरच्या रबराच्या मॅट, पान्यांचा संच, सगळं सुटं करून टेम्पोत भरणं आणि इथे येऊन जोडून देणं. तो सगळ्याला हो म्हणाला. २,००० विसार दिला, यादीवर दोघांच्या सह्या घेतल्या, बाकी पैसे माल टेम्पोत चढल्यावर. तुम्हीही जुनं काही घेता-विकता, म्हणून एक सांगते : पैसे स्वीकारायला ना क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. समोरचा तसं म्हणाला की फोन ठेवून द्या.

टेम्पो ११,०००, हमाली २,०००. एकूण ८७,०००. उरलेले १३,००० शाळेकडे देखभालीसाठी जमा आहेत. पावत्या बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत, जरूर बघा.

आणखी एक. त्या दोन रॉडपैकी एक १५ किलोचा आहे, जरा बारीक, मुलींच्या पकडीत बसणारा. आपण दहावी झालो त्या १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांचं वेटलिफ्टिंग नव्हतंच. ते आलं २००० साली सिडनीत आणि तिथे कर्णम मल्लेश्वरीने कांस्य जिंकलं, भारतीय महिलेचं पहिलं ऑलिंपिक पदक. आपल्या वेळी व्यायामशाळेच्या खोलीत मुली फक्त झाडू मारायला जात. आता सरांनी सोमवार आणि गुरुवार मुलींसाठी राखून ठेवलेत. साहित्य जोडायला आलेला तो तरुण संध्याकाळपर्यंत थांबला आणि नववीच्या मुलींना रॉड कसा धरायचा, पाठ कशी सरळ ठेवायची हे शिकवून गेला. त्याचे पैसे त्याने मागितले नाहीत. ६१ हजारांत तो आला असता का, याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं.

खोलीच्या भिंतीवर आपल्या बॅचची पाटी लागली आहे. उद्या एखाद्या मुलीने विचारलं, "हे केवढ्याला घेतलं?" तर आपल्यापैकी कोणीही आकडा सांगावा, आणि तो कसा ठरला तेही सांगावं. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेचं काम घ्यायचं म्हणताय. जरूर घेऊ. फक्त या वेळी काटा दुसऱ्या कोणी तरी धरावा, माझा खांदा अजून दुखतोय.