टर्बोच्या आधी इंजिन



टर्बोचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पॉवर किती वाढते? माझा प्रश्न वेगळा आहे. वाढलेली पॉवर झेलायची कोणी?

उदाहरणाला माझदा एमएक्स-५ घेऊ. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन आसनांची उघडी गाडी आली आणि अमेरिकेत मियाटा नावाने लाडकी झाली. वजन हजार किलोंच्या आत, इंजिन १५९७ सीसीचं, ताकद साधारण ११५ अश्वशक्ती. वळणावर इतकी गोड चालते, की आणखी थोडी पॉवर हवी असं चालवणाऱ्याला वाटतंच. इंग्लंडमध्ये तर टर्बो बसवून दीडशे अश्वशक्तीची मियाटा विक्रेत्यांकडूनच मिळू लागली होती.

मियाटाच्या इंजिनाच्याच कुळातलं १.६ लिटरचं इंजिन माझदाने ३२३ या गाडीत मुळातच टर्बोसह दिलं होतं. त्यामुळे अनेकजण म्हणतात, 'हे इंजिन टर्बोसाठीच जन्मलंय, लावा आणि पळवा.' इथेच घात होतो. ३२३ च्या टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन ७.९ला १ होतं, मियाटाचं ९.४ला १. हिशेब केला तर पिस्टन वर टेकल्यावर त्याच्या डोक्यावर उरणाऱ्या जागेत एका सिलिंडरमागे सुमारे दहा सीसींचा फरक पडतो, म्हणजे जेमतेम दोन चहाचमचे. पण इंजिन टिकणार की फुटणार, हे बरंचसं त्या दोन चमच्यांवर ठरतं.

कसं ते पाहा. बाहेर २७ अंश तापमान आहे आणि टर्बोने हवेचा दाब दीडपट केला, तर दाबाने तापून ती हवा ८० अंशांच्या पुढे जाते. इंटरकूलर लागतो तो यासाठी. ही हवा सिलिंडरमध्ये पुन्हा नऊपटींहून जास्त दाबली जाते. ठिणगी पडते, ज्योत पसरू लागते. पण ती पोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. ओतीव पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत त्या धक्क्यांनी तडकते. रिंगांच्या दोन टोकांमधली फट मूळ मापाचीच ठेवली, तर वाढत्या उष्णतेने टोकं एकमेकांना भिडतात आणि तीच भिंत पुन्हा तुटते.

म्हणून इंजिन आधी खाली उतरवायचं आणि पूर्ण खोलायचं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचं. ७८ मिलिमीटरचा मूळ बोअर लंबगोल झाला असेल तर बोअरिंग आणि होनिंग करून घ्यायचं, कॉम्प्रेशन थोडं कमी करणारे फोर्ज्ड पिस्टन घालायचे, रिंगांची फट बनवणाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे वाढवायची. मूळ कनेक्टिंग रॉड हा या इंजिनाचा दुबळा भाग. कमी आरपीएमवर एकदम टॉर्क आला की ते वाकतात; तेव्हा तेही फोर्ज्ड हवेत. १९८९ ते १९९१ मधल्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकच्या पुढच्या टोकाची चावी आणि तिची खाच झिजते. ती खाच सैल असलेला क्रँक मी फुकटसुद्धा घेणार नाही.

टर्बोची शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगते, त्यामुळे ऑइलची वाट स्वच्छ हवी. इंधनाचं आणि ठिणगीच्या टायमिंगचं गणित मात्र नव्याने मांडावं लागतं, कारण मूळ कॉम्प्युटरला बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ठाऊकच नाही. बूस्ट वाढेल तशी ठिणगी उशिरा पाडायची, मिश्रणात इंधन जास्त ठेवायचं. माझं मत विचाराल तर अर्ध्या बारवर थांबावं. हजार किलोंच्या गाडीला तेवढं पुष्कळ आहे.

इथल्या तरुण मित्रांना एक कळकळीची विनंती. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच बजावलं आहे. रस्त्यावरच्या गाडीला हात लावू नका. त्याऐवजी एखादं बंद पडलेलं जुनं इंजिन आणा, ते खोला, मोजा, मूळ मापावर आणून सुरू करा. टर्बोचा विचार त्यानंतर करा, आणि तोही फक्त ट्रॅकवरच्या गाडीसाठी.