आधी खाद्याचं पोतं उघडा, मग औषधाची बाटली



अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो छापील अहवालात आहे, म्हणून मी वेळ वाचवतो. मला एकच तक्रार मांडायची आहे. आजारावर एक जण बोलतो, खाद्यावर दुसरा. आणि परसातल्या कोंबडीत हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत.

दवाखान्यात येणारी बाई सांगते, "पिल्लू लंगडतंय." आपण लगेच बाटलीकडे हात नेतो. आधी पाय पाहा. बोटं आतल्या बाजूला मुडपली असतील आणि पिल्लू घोट्यावर टेकून सरकत असेल, तर बी-२ जीवनसत्त्व कमी पडलं असा संशय घ्या. निव्वळ तांदळाच्या कणीवर वाढलेल्या पिल्लात हे अपेक्षितच आहे. एक पाय पुढे, एक मागे असा पसरला असेल, तर मॅरेक्स रोग. त्यावर उपचार नाही. त्याची लस उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी टोचतात. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या गावरान पिल्लाला ती मिळतेच कुठे? लंगडणं तेच, पण पहिल्याला जीवनसत्त्व आणि बदललेलं खाद्य पुरतं, दुसऱ्याला कळपातून वेगळं काढावं लागतं.

पिल्लांना रक्ती हगवण लागली की अँप्रोलियम देतात, ते बरोबर आहे. पण हे औषध बी-१ जीवनसत्त्वाच्या वाटेत आडवं येऊनच काम करतं. मात्रा वाढवली, दिवस लांबवले, की पिल्लू मान मागे टाकून आकाशाकडे पाहू लागतं. मग घरात ओरड होते, "मानमोडी आली!" मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, मान पिळवटते हे खरं, पण सोबत हिरवट पातळ विष्ठा, घरघर आणि शेजारच्या खुराड्यातही मर असते. एका घरातली चार पिल्लं आणि वस्तीतल्या चाळीस कोंबड्या, हा फरक विचारल्याशिवाय कळत नाही.

आता पोत्याकडे वळू. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लाला जेमतेम एक टक्का लागतं. स्वस्त पडतं म्हणून तेच पोतं पिल्लांपुढे ओतलं, तर मूत्रपिंडं निकामी होतात. मेलेलं पिल्लू उघडलं की काळजावर, यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. उलट अंड्याची कवचं मऊ येत असतील, तर कोकणातल्या माउलीने शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. लागेल तेवढा कोंबडी स्वतःच टिपते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला किडा, वाळवी, कोवळा पाला यांतून प्रथिनं मिळतात. संध्याकाळची मूठभर ज्वारी किंवा कणी तिला पुरते. उन्हाळ्यात परस ओसाड असतो, तेव्हा मात्र पेंड किंवा अझोला द्यावा लागतो. पावसाळ्यात बुरशी. ओल लागलेला मका आणि शेंगदाणा पेंड जनावराला घालायचीच नाही, मग कोंबडीला तरी का? इंग्लंडमध्ये 1960 साली लाखावर टर्की मेल्या, त्या अशाच बुरशीच्या पेंडीने. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध त्यातूनच लागला.

राणीखेतच्या लशीची अडचण वेगळी आहे. कुपी निदान शंभर मात्रांची, बाईकडे कोंबड्या बारा, आणि विरघळवलेली लस दोन तासांत संपवायची. म्हणून सगळ्या वस्तीने एकाच सकाळी लसीकरण करावं, तेही उन्हाळ्याआधी. बर्फ घेऊन आपण जायचं.

मोराबद्दल मला दरवर्षी विचारलं जातं : त्याला काय घालावं? उत्तर : काही नाही. 1963 पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये पूर्ण संरक्षित. पाळणं गुन्हा आहे. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीसारख्या गावात मोर माणसांजवळ वावरतात, तिथलं प्रेम मला समजतं. पण एकाच अंगणात कोंबडी आणि मोर दाणे टिपतात, तेव्हा कोंबडीच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यांतून हिस्टोमोनास हा परजीवी मोरापर्यंत जातो. कोंबडी धडधाकट राहते; मोर पंख सोडतो, गंधकासारखी पिवळी विष्ठा टाकतो आणि यकृत सडून मरतो. जंतांची ती अंडी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून कोंबड्यांचे जंत वेळेवर काढा आणि अंगणात दाणे फेकू नका. पेरणीला औषध चोळून ठेवलेलं बियाणंही उघड्यावर नको. मेलेला मोर दिसला तर हात न लावता वनखात्याला कळवायचं.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर घरी चिरफाड करू नका. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लूने काय केलं ते आपण पाहिलं आहे. इतर वेळी मात्र ताजा मेलेला पक्षी पिशवीत गुंडाळून बर्फावर, गोठवून नव्हे, प्रयोगशाळेत पोचवा. सोबत खाद्याचीही मूठभर पुडी द्या. ती कोणीच आणत नाही.

पहिल्या सत्रात शवविच्छेदनाचं प्रात्यक्षिक आहे. हातमोजे दाराशी ठेवले आहेत. भगिनींनी पुढच्या रांगेत यावं, डॉक्टरमंडळींनी मागे बसावं.