परसातली रिंक नीट गोठावी म्हणून

आम्ही दक्षिण ओंटारियोत राहणाऱ्या मराठी बायका. कुणी मिसिसागात, कुणी ब्रॅम्प्टनला, कुणी वॉटर्लूला. डिसेंबर लागला की आमच्यात एकच प्रश्न फिरतो, "यंदा तरी रिंक गोठेल ना?" कॅनडात मुलांना स्केटिंग येणं म्हणजे आपल्याकडे सायकल येण्यासारखं आहे. वर्गातली सगळी मुलं बर्फावर पळतात आणि आपलं लेकरू कठड्याला धरून उभं राहतं, हे बघवत नाही. म्हणून परसात फळ्यांची चौकट करून, आत प्लास्टिकचं कापड अंथरून, पाणी भरून घरचीच रिंक करायची. पण अर्धवट गोठलेला बर्फ पायाखाली फुटतो, घोटा मुरगळतो, कापड फाटतं आणि सगळं पाणी वाहून जातं. म्हणून आज बोलायचं ते रिंक नीट कशी गोठते यावर.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. पाणी गोठताना आपल्यातली उष्णता बाहेर टाकतं, आणि ती जाते मुख्यतः वरून, हवेत. किती उष्णता? शून्य अंशावरचं एक लिटर पाणी गोठताना जेवढी बाहेर पडते, तेवढ्यात तेच एक लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. शिवाय वर बर्फाचा थर आला की तोच खालच्या पाण्याचं पांघरूण होतो. त्यामुळे जाडी दुप्पट हवी असेल तर वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो.

म्हणूनच जमिनीची पातळी सगळ्यात महत्त्वाची. २० बाय ४० फुटांच्या रिंकमध्ये सगळीकडे ४ इंच पाणी म्हणजे सुमारे ७,५०० लिटर झालं. पण परसाला ६ इंचांचा उतार असेल, तर एका टोकाला ४ इंच आणि दुसऱ्या टोकाला १० इंच पाणी साचतं. उथळ बाजू टणक होते आणि खोल बाजू आठवडाभर ओलीच राहते. बर्फ पडण्याआधी, नोव्हेंबरातच, दोन खुंट्यांना दोरी ताणून उतार बघून घ्या. शक्य असेल तर घराच्या उत्तरेची, सावलीची जागा निवडा. कापड पांढरं घ्या. गडद रंग ऊन शोषतो आणि बर्फ खालून सुटतो.

आता पाणी कधी भरायचं? थंडीची पहिली लाट आली म्हणून घाई नको. सलग तीन दिवस आणि रात्री पारा उणे ५ किंवा त्याखाली राहील असा अंदाज दिसला, की भरा. कापडावर भरताना एका दमात हवी तेवढी पातळी गाठा. आज थोडं, उद्या थोडं केलं, की दोन थरांमध्ये हवा अडकते आणि वर पांढरा, पोकळ पापुद्रा येतो. पाय पडला की तो कुरकुरीत पापडासारखा मोडतो. नळीनं भरायला पाच-सहा तास सहज जातात. भरून झालं की नळी घरात आणा आणि बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद करून उरलेलं काढून टाका, नाहीतर पाइप फुटतो.

मग मुलांना लांब ठेवायचं, हेच सगळ्यात कठीण. ४ इंच टणक बर्फ झाल्याशिवाय कुणीही पाऊल टाकायचं नाही. खात्री करायची ती खोल बाजूला. ड्रिलच्या टोकापासून ४ इंचांवर चिकटपट्टी लावा आणि पट्टीपर्यंतच भोक पाडा. पाणी वर आलं, तर अजून थांबा.

मधेच बर्फवृष्टी झाली तर ती लगेच काढा. भुसभुशीत बर्फ म्हणजे रिंकवर टाकलेली गोधडी. तिच्याखाली पाणी गोठत नाही. पाय ठेवण्याइतका बर्फ झाला नसेल, तर काठावर उभं राहून लांब दांड्याच्या झाडूनं ओढा. वाळकी पानंही वेचा. उन्हात ती तापतात आणि बर्फात खड्डे पाडतात.

एकदा रिंक टणक झाली, की पुढचं पाणी पातळ थरांनीच द्यायचं. रात्री पृष्ठभाग झाडून घ्या, बादलीत नळाचं गरम पाणी घ्या, जुना टॉवेल भिजवून ओढत न्या. गरम पाणी वरचा खरखरीत भाग किंचित वितळवतं, त्यामुळे नवा थर जुन्याला घट्ट धरतो आणि भेगा बुजतात.

एवढं करूनही जानेवारीत पाऊस पडला तर नाराज होऊ नका. आता हिवाळेच बेभरवशाचे झालेत. वॉटर्लूच्या विल्फ्रिड लॉरिये विद्यापीठातल्या भूगोल अभ्यासकांनी २०१३ मध्ये 'रिंकवॉच' नावाचा उपक्रम सुरू केला. परसात रिंक करणाऱ्यांनी कोणत्या दिवशी स्केटिंग जमलं आणि कोणत्या दिवशी नाही, एवढंच कळवायचं. आपली नोंदही त्यात जाऊ शकते. ओटावाचा प्रसिद्ध रिडो कालवा तर २०२२-२३ च्या हिवाळ्यात स्केटिंगसाठी एकही दिवस उघडला नाही. पाऊस साचला तर त्यावर चालू नका, गोठू द्या, आणि मग गरम पाण्याचा एक थर द्या.

आणि हे काम एकटीनं करू नका. फळ्या धरायला, नळी सांभाळायला दोघी लागतातच. शेजारणीला हाक मारा. तिच्या मुलांनाही रिंक हवीच आहे. हेल्मेट मात्र प्रत्येक मुलाच्या डोक्यावर असू द्या.