ओठांवरचे मत आणि मनाचा कल

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



परवंशीयांविषयी माणूस तोंडाने जे मत सांगतो आणि त्याच्या मनाचा जो सुप्त कल असतो, त्या दोहोंचा मेळ कितपत बसतो, हा प्रश्न अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ अभ्यासिला आहे. त्यांच्या प्रयोगांची पुढे जी फेरतपासणी झाली, तिचा वृत्तान्त आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

उघड मत जाणून घेणे सोपे असते. प्रश्न विचारावा, उत्तर टिपून घ्यावे. परंतु लोकलज्जेस्तव माणूस शोभेल तेच सांगतो. म्हणून अँथनी ग्रीनवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक निराळी चाचणी प्रसिद्ध केली. संगणकाच्या पडद्यावर गोरे व कृष्णवर्णीय चेहरे, तसेच सुखद व दुःखद अर्थाचे शब्द एकामागून एक येतात. एका फेरीत गोरा चेहरा व सुखद शब्द यांना एकच कळ दाबावयाची. दुसऱ्या फेरीत कृष्णवर्णीय चेहरा व सुखद शब्द यांना एकच. कोणत्या जोडीस अधिक वेळ लागतो, हे सेकंदाच्या सहस्रांशात मोजतात. ‘आम्ही भेद मानीत नाही’ असे सांगणाऱ्या पुष्कळांचा हातही दुसऱ्या फेरीत अडखळतो, असे आढळले. सिकंदराबादेत जन्मलेल्या महझरीन बनाजी आणि ब्रायन नोसेक यांनी ग्रीनवाल्ड यांच्यासमवेत या चाचणीचा सर्वत्र प्रसार केला.

हा कल पालटता येतो काय? २००१ साली निलांजना दासगुप्ता व ग्रीनवाल्ड यांनी काही लोकांना आदरणीय कृष्णवर्णीयांची व कुप्रसिद्ध गोऱ्यांची चित्रे दाखविली. गोऱ्यांकडील सुप्त झुकाव कमी झाला आणि चोवीस तासांनंतरही तो कमीच राहिला. उघड मतांत मात्र फरक पडला नाही. हा निष्कर्ष मोठा आशादायक होता. परंतु २०१० साली जॉय-गाबा व नोसेक यांनी हाच प्रयोग हजारो लोकांवर पुन्हा केला, तेव्हा परिणाम अगदीच क्षीण निघाला. पुढे २०१६ साली कॅल्व्हिन लाय व सहकाऱ्यांनी नऊ निरनिराळे उपाय सहा हजारांहून अधिक व्यक्तींवर तपासले. नऊही उपायांनी सुप्त कल तत्काळ घटला. परंतु काही तासांनी वा दिवसांनी पाहता एकाचाही प्रभाव उरला नव्हता.

चाचणीवरून प्रत्यक्ष वर्तन ओळखता येते काय, याविषयीही मतभेद झाला. वंशसंबंधांच्या बाबतीत ही चाचणी उघड प्रश्नावलीहून सरस ठरते, असे ग्रीनवाल्ड प्रभृतींनी २००९ साली मांडले; २०१३ साली ओस्वाल्ड प्रभृतींनी संशोधनाचा पुन्हा आढावा घेऊन ती सरस ठरत नाही, असे दाखविले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चाचणीचा प्रसार करणारे नोसेक हेच तिच्या फेरतपासणीतही अग्रभागी होते. मानसशास्त्रातील शंभर प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा जो उद्योग २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्याचेही सूत्रधार तेच. त्या शंभरांपैकी सुमारे ३६ टक्केच पुनर्प्रयोगांत संख्याशास्त्रदृष्ट्या ग्राह्य परिणाम मिळाला. आपल्याच क्षेत्राचा हिशेब असा चव्हाट्यावर मांडावयास धैर्य लागते.

वंश आणि जात एक नव्हेत. अमेरिकेतील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करणे गैर होईल. तथापि एक विचार आपणांस टाळता येणार नाही. आपण वर्षातून एकदा थोर समाजसुधारकांच्या तसबिरींस हार घालतो, समतेचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत करतो आणि मने पालटली असे मानून घरी जातो. तसबिरींचा परिणाम किती काळ टिकला, हे आपण कधी तपासले आहे काय? आपल्या सभासदांनी परजातीच्या भाडेकरूस घर दिले काय, दुकानात माणूस नेमताना आडनाव बाजूस ठेवले काय, मुलीने परजातीतील वर निवडला असता तिच्यासाठी माहेरचे दार उघडे राहिले काय, हे मोजावयास संगणकही नको.

संस्थेच्या अहवालात जमाखर्चाबरोबर या गोष्टींचीही नोंद दरवर्षी व्हावी आणि पुढील वर्षी ती पुन्हा पडताळून पाहावी, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे.